सायीतला पालक आणि सासूबाईंचं ‘पांढरं पिठलं’

पत्र : ताई, मी अमळनेरची. मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा म्हणाली, “आई, हॉटेलात मिळतो तसा व्हाइट सॉसमधला पालक कर ना.” मोबाइलवर बघून केला. पहिल्यांदा मैद्याच्या गाठीच गाठी. दुसऱ्यांदा मैदा अगदी कमी घेतला, क्रीमऐवजी फ्रिजमधल्या डब्यातली साय घातली, तर सगळं फाटल्यासारखं झालं. पाणी एकीकडे, पालकाचा चोथा एकीकडे. सासूबाईंनी ताटात पाहून विचारलं, “हाई काय शे व, पांढरं पिठलं?” सगळे हसले, मीही हसले, पण लागलं मनाला. आता नाताळच्या सुट्टीत मुलीच्या तीन मैत्रिणी शेवभाजी खायला येणार आहेत. त्यातली एक तिखटाला हातच लावत नाही. तिच्यासाठी हा पालक करायचाय. त्यासाठी पाकिटातलं क्रीम आणावंच लागतं का? घरी म्हशीचं दूध आहे. आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का? आणि आपल्या जेवणात ही भाजी बसते तरी का?

— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर :

आधी सासूबाईंचं बघू. त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, कारण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. पिठलं काय किंवा हा पांढरा सॉस काय, पातळ पदार्थ पिठानं धरून ठेवायचा, एवढंच काम आहे. गाठ होऊ द्यायची नाही, पीठ कच्चं ठेवायचं नाही, तळाला लागू द्यायचं नाही आणि त्यासाठी हात थांबवायचा नाही. त्यांनी हे उभा जन्म केलंय. बेसनाच्या जागी मैदा आला, पाण्याच्या जागी दूध आलं आणि फोडणीच्या जागी लोणी आलं, म्हणून हाताची सवय थोडीच बदलते? पुढच्या वेळी मैद्यात दूध घालताना घोटायला त्यांनाच उभं करा. “आई, तुमच्या हातचं पिठलं कधी गाठाळत नाही, हे जरा बघता का?” एवढं म्हटलं तरी पुरे. मग ताटात त्या भाजीला नावं ठेवणं त्यांनाच जड जाईल.

आता क्रीम. नाही आणलं तरी चालतं. या भाजीचा दाटपणा क्रीममधून येतच नाही, तो लोणी, मैदा आणि दूध यांच्या सॉसमधून येतो. क्रीम किंवा साय शेवटी चमचा-दोन चमचे पडते, ती चवीला आणि तकाकीला. हॉटेलात क्रीमचा हात सैल असतो, कारण त्यांना दहा मिनिटांत ताट बाहेर काढायचं असतं आणि क्रीम आटवलं की सॉस करत बसावा लागत नाही. तुमच्याकडे तर म्हशीचं दूध आहे. गाईच्या दुधापेक्षा त्यात स्निग्धांश बराच जास्त, साधारण सहा-सात टक्के. नुसत्या त्या दुधावर सॉस असा होतो की पाकिटाची आठवणही येऊ नये.

तुमचा दुसरा प्रयत्न फसला त्याला कारणं दोन, आणि दोन्ही तुमच्या पत्रातच आहेत. पहिलं कारण सायीचा डबा. आपल्याकडे लोणी काढायला आठवडाभराची साय एकावर एक साठवतात. फ्रिजमध्ये असली तरी ती हळूहळू आंबते, काही घरांत तर मुद्दाम विरजण लावूनच साठवतात. अशी आंबट साय गरम दुधात पडली की दूध फुटणारच. भाजीत घालायची साय त्या दिवशीच्या दुधावरची हवी, वास घेतला तर नुसता दुधाचा यावा. ती आधी वाटीत चमच्यानं घोटून एकजीव करायची, कारण सायीचे पापुद्रे तसेच घातले तर भाजीत चिंध्या दिसतात. आणि घालायची ती गॅस बंद केल्यावर.

दुसरं कारण म्हणजे गाठींना घाबरून मैदा कमी केलात. मैदा फक्त दाटपणा देत नाही, तो दुधाला सांभाळतोही. पिठातला स्टार्च फुगून दुधातल्या प्रथिनांच्या मध्ये मध्ये बसतो आणि त्यांना एकत्र येऊन गोळा होऊ देत नाही. मैदा काढून घेतला की हे राखण गेलं. वर पालक नीट पिळला नसणार, असाही माझा संशय आहे. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते तुम्ही बाहेर काढलं नाही तर ते सॉसमध्ये जाऊन निघतं, तेही भाजी ताटात वाढल्यानंतर.

म्हणजे गाठीचा उपाय मैदा कमी करणं हा नव्हे. गाठ का होते ते बघा. कोरडं पीठ गरम दुधात पडलं की त्याच्या बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकून राहतं. नंतर कितीही ढवळा, आत ओल पोहोचत नाही. म्हणून पीठ आधी लोण्यात परतायचं. पिठाच्या कणाकणाला लोणी लागलं की कण एकमेकांना चिकटत नाहीत, दूध आलं की सुटे सुटे फुगतात. एवढं समजलं की मोबाइल बघायची गरज उरत नाही.

चौघी मुली आणि घरची एक-दोन माणसं, प्रत्येकाला ताटात दोन-तीन चमचे, असा हिशेब धरून प्रमाण सांगते. निवडलेला पालक अर्धा किलो. लोणी दोन मोठे चमचे, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास. मैदा दोन मोठे चमचे, पण सपाट, शिगोशीग नको. दूध पाव लिटर, तापवून कोमट झालेलं. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, मिरेपूड आणि जायफळ. ताजी साय दोन चमचे.

पालकाचे जाड देठ काढून टाका, कोवळे राहू द्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळू द्या, त्यात मीठ घाला आणि पालक बुडवा. झाकण ठेवू नका, रंग जातो. मिनिटभरात पानं मऊ पडतात, तेवढ्यावर काढून थेट थंड पाण्यात टाका. गार झाला की मुठीत घेऊन पिळा. हळुवारपणा नको, कपडे पिळतो तसं दोन्ही हातांनी. एवढा ढीगभर पालक शेवटी दोन-तीन मुठींचे गोळे होऊन बसतो आणि मनात येतं, हा सहा जणांना कसा पुरणार? पुरतो, सॉस त्याला वाढवतो. हे गोळे सुरीनं बारीक चिरा. मिक्सरला मात्र लावू नका. मिक्सरमधून काढलात की तो पालक पनीरचा रस्सा झाला. या भाजीत पानाचा तुकडा जिभेला लागायला हवा.

पिळलेल्या हिरव्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवता येते. मुलींना रंग आवडेल.

सॉस जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात करा. लोखंडी कढई या भाजीला नको, पालक काळवंडतो आणि दुधाला लोखंडाची चव येते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तारेची रवी फिरवली तर पांढरा सॉस राखाडी पडतो, तेव्हा तसलं भांडं असेल तर लाकडी रवी किंवा लाकडी डाव घ्या. लोणी मंद आचेवर वितळवा. लोण्याऐवजी घरचं तूप घेतलं तरी चालतं, फक्त जरा कमी, कारण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं. विकतचं खारं बटर घेतलंत तर मीठ शेवटपर्यंत हातात धरून ठेवा. कांदा-लसूण त्यात मऊ होऊ द्या, लाल नको. मग मैदा घाला आणि दोन मिनिटं परता. बेसनाच्या लाडवाला भाजतो तसा खमंग करायचा नाही. कच्चा वास गेला, बुडबुडे यायला लागले, रंग अजून फिकाच आहे, तिथे थांबायचं.

आता दूध, आणि सासूबाईंना हाक मारायची वेळ हीच. पहिल्यांदा फक्त दोन-तीन चमचे दूध घाला. पातेल्यात एकदम घट्ट गोळा होईल आणि तुम्हाला वाटेल, पुन्हा बिघडलं. बिघडलेलं नसतं. तो गोळा घोटून गुळगुळीत करा, मग पुन्हा थोडं दूध, पुन्हा घोटा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सॉस सैल पडतो, मग उरलेलं दूध सरळ ओतलं तरी चालतं. अधीरपणा करायचा असेल तर तो तिथून पुढे. एवढं करूनही एखादी गाठ राहिलीच तर चहाच्या नव्हे, पिठाच्या बारीक चाळणीतून सॉस गाळून घ्या. कुणाला कळत नाही.

सगळं दूध गेलं की सॉसला एक उकळी येऊच द्या. इथे बरेच जण घाबरून गॅस बंद करतात. पिठातला स्टार्च साठ अंशांच्या पुढे फुगायला लागतो खरा, पण त्याचा पुरता दाटपणा उकळीच्या जवळ गेल्यावरच दिसतो. त्याआधी पातळ वाटला म्हणून आणखी मैदा टाकलात तर नंतर उलथन्यानं कापायची वेळ येईल. उकळीनंतर मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली की झालं. मग चिरलेला पालक मोकळा करून घाला, मीठ, मिरेपूड घाला, दोन मिनिटं शिजवा, गॅस बंद करून साय फिरवा.

जायफळ विसरू नका, आणि जास्तही घालू नका. पुरणात घालतो त्याच्या निम्म्यानं. किसणीवर दोन-तीनदा ओढलं की बास. ते कुणाला वेगळं ओळखू येत नाही, पण नसलं तर भाजी नुसती दुधाळ लागते.

मैदा घरात चालत नसेल तर गव्हाचं पीठ चालतं, दोनदा चाळून. रंग थोडा मातकट येतो, चव मात्र चांगली लागते. कॉर्नफ्लोअर घ्यायचं तर मैद्याच्या निम्मं, थंड दुधात कालवून शेवटी घालायचं. पण त्याचा सॉस चकचकीत आणि लिबलिबीत होतो, पुन्हा गरम केला की पाणी सोडतो, म्हणून मला तो आवडत नाही. दादर ज्वारीच्या पिठाचा प्रयोग कुणी सुचवला तर नको म्हणा. दादर भाकरीलाच शोभते, इथे ती दाताखाली कणकण लागते. आणि बेसन अजिबात नको, नाहीतर सासूबाईंचं म्हणणं खरं होईल.

आणखी एक मोह होणार आहे, तो आधीच सांगून ठेवते. आपण खानदेशातली माणसं. भाजी पांढरी दिसली की हात आपोआप काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जातो. जाऊ देऊ नका. दुधाच्या सॉसमध्ये काळा मसाला घातला की दोघांचीही माती होते. रंग चिखलाचा आणि चव ना इकडची ना तिकडची. अगदीच राहवलं नाही तर लोण्यात एक हिरवी मिरची उभी चिरून परता आणि मैदा घालायच्या आधी काढून टाका. ज्यांना तिखट हवं त्यांच्या ताटात ठेचा वाढा.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. आपल्या जेवणात ही भाजी बसते का? मुख्य भाजी म्हणून नाही बसत. वाटीभर पालक आणि दोन भाकरी असं कुणापुढे ठेवलं तर तो माणूस रात्री फरसाणाचा डबा उघडणारच. अमेरिकेतही अशा पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या मुख्य पदार्थाच्या कडेलाच वाढतात. तिकडच्या स्टेकहाउसांमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या हॉटेलांत, मांसाच्या तुकड्याशेजारी क्रीममधला पालक असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग या सणाचं जेवण असतं, त्यात भाजलेल्या टर्की पक्ष्याच्या बाजूला क्रीममधले छोटे कांदे किंवा मटार ठेवायची जुनी पद्धत आहे. तिखट नसलेल्या, कोरड्या भाजलेल्या मांसाला काहीतरी ओलं, मऊ सोबतीला हवं, हा त्यांचा विचार. आपल्याकडे कारण उलटं आहे. शेवभाजीचा लाल तर्रीचा रस्सा जीभ भाजत असताना बाजूला एक चमचा मऊ, दुधाळ काहीतरी असलं तर बरं वाटतं. त्या जागेवर ही भाजी नीट बसते.

तिखट न खाणाऱ्या मुलीला पोळी आणि हा पालक देऊन मोकळं होऊ नका, तिला एकटं पाडल्यासारखं वाटेल. त्या दिवशी वरण-बट्टीचा बेत ठेवा. बट्टी सगळ्यांना तीच, वरण सगळ्यांना तेच, तूप सगळ्यांना. फक्त एकीच्या ताटात शेवभाजीची वाटी नाही आणि पालक थोडा जास्त. तळलेली बट्टी कुस्करायच्या आधी तिचा एक खुसखुशीत तुकडा या पालकाला लावून बघा. घोटलेली वांग्याची भाजी असेल तर तीही करा, पण तिच्या शेजारी हा पालक वाढू नका. दोन मऊ, घोटलेल्या भाज्या एका ताटात आल्या की दोन्ही फिक्या वाटतात. भरिताचंही तसंच. डिसेंबर म्हणजे भरिताचा ऐन महिना, हिरवी वांगी बाजारात ढिगानं येतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही. पुण्याच्या मुलींना भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खाऊ न घालता परत पाठवू नका, पण तो बेत दुसऱ्या दिवशीचा. त्यात सॉसबिस काही नको.

आदल्या दिवशी करून ठेवायचं म्हणता, तर अर्धं काम ठेवा. पालक उकडून, पिळून, चिरून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी छान राहतो. सॉसही करून ठेवता येतो. गार होताना वर साय धरते, म्हणून गरम असतानाच त्यावर लोण्याचा हलका हात फिरवा. थंड झाला की तो थिजून घट्ट होतो, ते बघून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, पाव वाटी दूध घालून घोटला की पुन्हा सैल होतो. मग त्यात पालक, मीठ आणि साय. दोन्ही आधीच एकत्र करून ठेवलं तर पालक रात्रभरात पाणी सोडतो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. खायला वाईट नसतं, पण पाहुण्यांपुढे ठेवावंसं वाटत नाही.

तयार भाजी ओट्यावर तासन् तास ठेवू नका. डिसेंबरच्या गारव्यात तास-दोन तास निभतं. हीच भाजी मुलगी मे महिन्यात मागेल, तेव्हा पारा चाळिसाच्या वर असतो. त्या दिवसांत केली की तासाभरात संपवायची किंवा फ्रिजमध्ये टाकायची. दुधाच्या पदार्थाला आपल्याकडचा उन्हाळा मुळीच मानवत नाही.

हात बसला की याच सॉसमध्ये मटार घालून बघा. हिवाळ्यात मटार स्वस्त आणि गोड असतो, पिळायची भानगड नाही, कांदा मात्र थोडा जास्त घ्या. मेथी घालू नका, तिचा कडूपणा दुधात उठून दिसतो.

सगळ्यात सोपी आणि मला विचाराल तर पालकापेक्षाही सरस भाजी म्हणजे मक्याची. आपल्याकडे मक्याला काय तोटा? पावसाळा सरताना कणसं येतात तेव्हा करा. दाण्यात नख खुपसलं तर पांढरं दूध उडालं पाहिजे, अशी कोवळी कणसं हवीत. जनावरांना घालतात तो टणक, पिकलेला मका नको. चार कणसं घ्या. दोनांचे दाणे सुरीनं उतरवा, दोन किसणीवर किसा. मग सुरीच्या पाठीनं चारही बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, वरून खाली दाबून ओढा. आत राहिलेला रस ताटलीत येतो आणि तोच या भाजीचा जीव आहे. त्या रसात मक्याचा स्टार्च असतो, त्यामुळे मैदा लागलाच तर अर्धा चमचा, एरवी तोही नाही. लोण्यात दाणे परतायचे, कीस आणि रस घालायचा, पाऊण कप दूध, मंद आच, सतत ढवळणं. मका तळाला फार लवकर लागतो, फोन आला तरी उचलू नका. दहा-बारा मिनिटांत भाजी आपली आपण दाट होते. मीठ, मिरे, आणि हवीच तर चमचाभर साय. स्वीट कॉर्नची कणसं बाराही महिने मिळतात, त्यांनीही होते, पण त्यांच्यात स्टार्च कमी आणि गोडी जास्त. तेव्हा मैदा चमचाभर घ्या आणि साखरेच्या वाटेला जाऊ नका.

पालक उरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेडच्या दोन कापांत भरून तव्यावर दाबून भाजा, आत चीजची एक क्यूब किसली तर मुली दुसरं काही मागणार नाहीत. पोळीत भरायचा असेल तर आधी कढईत थोडा आटवून घ्या, नाहीतर लाटताना पोळी फुटते.